जुन्या विंचेस्टर सिंगल-शॉटवर लांब दुर्बीण: नळीला एकही भोक न पाडता माउंट कसं बनवायचं

विंचेस्टरची १८८५ मॉडेल, म्हणजे हाय वॉल, ही मुळात युटामधल्या ऑग्डेनच्या जॉन ब्राउनिंगची रचना. विंचेस्टरने १८८३ मध्ये तिचे हक्क घेतले आणि दोन वर्षांनी रायफल बाजारात आणली. अमेरिकेतल्या जुन्या घरांतून आणि लिलावांतून या रायफली आजही निघतात, आणि त्यांच्यावर स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, बसवायची इच्छा झाली की पहिला विचार येतो तो ड्रिल मशीनचा. तो तिथेच थांबवा. शंभर-सव्वाशे वर्षं जशीच्या तशी राहिलेल्या नळीवर चार भोकं पडली की संग्राहकाच्या लेखी तिची किंमत कोसळते, आणि ती भोकं वेल्डिंगने बुजवली तरी जाणकाराच्या नजरेतून सुटत नाहीत.

शिवाय भोकांची गरजही नाही. मागची साइट आणि पुढची माशी, या नेम धरायच्या दोन खुणा, ज्या डव्हटेल खाचांत (तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद अशा आडव्या खाचांत) बसतात, त्या दोन खाचा नळीवर आहेतच. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजच्या विल्यम माल्कमने १८५५ पासून बनवलेल्या लांब, बारीक दुर्बिणी हे त्या काळच्या लांब पल्ल्याच्या रायफलींचं ओळखीचं रूप. त्या धर्तीच्या पाऊण इंची पोलादी ट्यूबच्या प्रतिकृती आजही मिळतात. या दुर्बिणींच्या आत क्रॉसहेअर, म्हणजे नेमाच्या उभ्या-आडव्या तारा, हलवायची सोय नसते. अख्खी ट्यूबच हलवावी लागते, म्हणून सगळी करामत माउंटमध्ये, म्हणजे दुर्बीण नळीवर धरणाऱ्या ठोकळ्यांमध्ये, असते. पुढचा ठोकळा माशीच्या खाचेत आणि मागचा साइटच्या खाचेत बसवायचा, एवढीच कल्पना. उद्या कुणाला रायफल मूळ रूपात हवी असेल तर दोन्ही ठोकळे काढून जुन्या साइट परत सरकवता येतात.

कायद्याचं आधी. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक 'अँटिक' धरली जाते. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात, ते पाहून घ्या. हाय वॉल १८९८ नंतरही बनत होती, तेव्हा 'जुनी दिसते' म्हणजे अँटिक असं नव्हे. अनुक्रमांकावरून साल काढा. भारतात गोष्ट साफ वेगळी आहे. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा फेरफार परवानाधारकानेच करायची असते आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आहे. महाराष्ट्रात वारसाने आलेली रायफल घरच्या लेथवर चढवायची नाही, ती परवानाधारक गनस्मिथकडेच न्यायची.

रायफल हातात घेतल्यावर लिव्हर पूर्ण खाली, ब्लॉक (नळीचं मागचं तोंड बंद करणारा पोलादी तुकडा) खाली, चेंबर रिकामं आहे हे डोळ्याने आणि करंगळीने, दोन्ही प्रकारे तपासा. वर्कशॉपमध्ये काडतुसं आणूच नका. आणि नळी काळ्या दारूच्या काळातली असेल तर आजच्या दारूचा जोरदार भार तिच्यात घालू नका. माउंट कितीही भक्कम केलं तरी नळीची ताकद वाढत नाही.

आधी मापं, मग पोलाद

या कामातली निम्मी चूक इथेच होते. लोक ठोकळे आधी कापतात आणि उंची नंतर ठरवतात. मग मागच्या स्क्रूची चाल संपते आणि गोळी अजून एक फूट खालीच लागत असते.

सगळी मापं इंचात घ्या, कारण रायफल इंचात बनलेली आहे. चार आकडे लागतात: दोन खाचांच्या मध्यांमधलं अंतर, दोन्ही खाचांपाशी अष्टकोनी नळीची समोरासमोरच्या बाजूंमधली जाडी, आणि घोडा पूर्ण चढवल्यावर त्याचं टोक नळीच्या मध्यरेषेपासून किती वर येतं ते. इथे एक उदाहरण धरून चालू: खाचांमधलं अंतर २४ इंच, मागच्या खाचेपाशी जाडी ०.९६, पुढच्या खाचेपाशी ०.८४. तुमच्या रायफलीचे आकडे वेगळे येतील, ते त्याच सूत्रात घाला.

ट्यूबचा मध्य नळीच्या मध्यापासून पुढे १.३० इंच वर ठेवू. पुढच्या खाचेपाशी नळीचा वरचा पृष्ठ मध्यापासून ०.४२ वर आहे, म्हणजे पुढच्या ठोकळ्यात पृष्ठापासून ट्यूबच्या मध्यापर्यंत ०.८८ इंच. मागे मात्र ट्यूब जास्त उंच हवी, कारण गोळी खाली पडते आणि तेवढी नळी वर रोखावी लागते. किती उंच, याचा हिशेब असा:

मागची जादा उंची = (गोळीची घट + १.३०) × खाचांमधलं अंतर ÷ लक्ष्याचं अंतर, सगळं इंचात.

.३८-५५ काडतूस, २५५ ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला सुमारे १,३२० फूट असं धरलं, तर १०० यार्डांवर घट ११ इंचांच्या आसपास आणि २०० यार्डांवर सुमारे ४९ इंच येते. १०० यार्ड म्हणजे ३,६०० इंच. मागची उंची १०० यार्डांना ०.०८२ आणि २०० यार्डांना ०.१६८ इंच जास्त लागेल. मधला आकडा ०.१२५ धरायचा आणि मागचा ठोकळा त्यासाठीच बनवायचा: १.३० + ०.१२५ − ०.४८ = ०.९४५ इंच, नळीच्या पृष्ठापासून. स्क्रूची चाल या मधल्या जागेपासून वर-खाली ०.१० इंच मिळाली की १०० ते २०० यार्ड आरामात बसतात आणि थोडी शिल्लकही राहते.

ठोकळे कापण्याआधी या उंचीला लाकडाचे दोन कामचलाऊ ठोकळे करा, त्यांवर ट्यूब ठेवा आणि रायफल खांद्याला लावा. घोडा चढवताना अंगठा ट्यूबला घासतो का? ब्लॉक खाली करून रिकामं काडतूस बोटांनी आत सरकवता येतं का? आयपीस (डोळ्याकडचं भिंग) भुवईपासून निदान तीन इंच लांब राहतो का? घोड्याला जागा कमी पडत असेल तर १.३० चा १.४० करा, पण सगळे आकडे पुन्हा काढा. नुसता मागचा ठोकळा उंच केला तर रायफल आयुष्यभर उंच मारेल.

साहित्य

पोलाद १०१८ किंवा १२एल१४ चालतं. दुसरं लेथवर लोण्यासारखं कापलं जातं, पण त्यावर वेल्डिंग नको. अॅल्युमिनियम घेऊ नका. डव्हटेलची जीभ, म्हणजे ठोकळ्याचा खाचेत बसणारा भाग, मऊ पडली की प्रत्येक धक्क्याला तिच्या कडा चेपतात आणि महिनाभरात माउंट हलू लागतं.

मागच्या ठोकळ्यासाठी ⅝ × १⅝ × २ इंचांचा तुकडा, पुढच्यासाठी ⅝ × १¼ × १¾. दोन कॉलरसाठी, म्हणजे ट्यूबवर आवळायच्या कड्यांसाठी, १⅛ इंच व्यासाची सळई. चालीच्या दोन स्क्रूंसाठी ½ इंच व्यासाची सळई, आटे ¼-४० (पाव इंच व्यास, इंचाला ४० आटे). आवळायच्या स्क्रूंसाठी ८-४०, म्हणजे गनस्मिथ मंडळींचा नेहमीचाच आटा, त्याला २८ नंबरचं ड्रिल. ¼-४० ला ५.७ मिलिमीटरचं. एक ५/१६-२४ चा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा), आखूड कडक स्प्रिंग, खिळ्यासाठी थोडं पितळ, पाऊण इंच आतल्या व्यासाची एक रबरी ओ-रिंग. यंत्रांत लेथ, मिलिंग मशीन, ६० अंशांचा डव्हटेल कटर, मायक्रोमीटर. हातकामाला एक बाजू घासून गुळगुळीत केलेली तिकोनी कानस. ती गुळगुळीत बाजू महत्त्वाची आहे, नाहीतर एक पृष्ठ घासताना शेजारचं पृष्ठही खाल्लं जातं.

आणि ¾ इंचाची, निदान ३० इंच लांब, ग्राउंड केलेली सरळ सळई. खरी दुर्बीण शेवटपर्यंत कपाटातच राहू द्या. सगळी जुळणी या सळईवर करायची.

जुन्या साइट काढणं

डव्हटेलमधली वस्तू डावीकडून उजवीकडे बाहेर निघते आणि उजवीकडून डावीकडे आत जाते, नेम धरणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर. शतकभर बसलेली साइट पहिल्या ठोक्याला हलत नाही. आदल्या रात्री भेदक तेल सोडा, नळी चामडं लावलेल्या वाइसमध्ये खाचेच्या अगदी जवळ धरा, आणि पितळी ड्रिफ्टने जीभेच्या शक्य तितक्या जवळ, खाली ठोका. उंच ठोकलं तर साइट वाकते. माशीखाली आडवी पिन दिसली तर आधी ती काढा. काढलेल्या साइट तेलाच्या कागदात, पुढची कुठली नि मागची कुठली ते लिहून ठेवा.

डव्हटेलची जीभ: खरा वेळ इथे द्या

गोळी सुटते तेव्हा रायफल मागे झेपावते आणि जड ट्यूब जागीच राहू पाहते. म्हणजे रायफलीच्या हिशेबाने ट्यूब पुढे पळते. हा धक्का घर्षणाने किंवा बारीक स्क्रूने थोपवायला गेलात तर तो आज ना उद्या जिंकणारच. आडवी डव्हटेल खाच मात्र भिंतीसारखी समोर उभी असते. तिच्यात जीभ पूर्ण बसली असेल तर धक्का पोलादावर जातो. कोपऱ्यांवरच टेकली असेल तर वीस-पंचवीस फैरींत ढिली होते.

खाच नाममात्र ⅜ इंचाची, ६० अंशांची, खोली ०.०९० च्या आसपास असते, पण 'नाममात्र'वर विसंबू नका. १८९० मधल्या कामगाराने कानस मारून ती नेमक्या साइटला जुळवली असण्याची शक्यता मोठी आहे. तळाची रुंदी मोजायला १/१६ इंचाच्या दोन पिना खाचेच्या दोन कोपऱ्यांत ठेवा, त्यांच्या मधलं अंतर मोजा आणि त्यात पिनेच्या व्यासाची २.७३२ पट मिळवा. पिना ०.०६२५ च्या असतील तर मिळवायचे ०.१७१. मधलं अंतर ०.२०४ आलं तर तळ ०.३७५. हेच माप खाचेच्या उजव्या आणि डाव्या तोंडाशी वेगवेगळं घ्या. दोन-तीन हजारांश इंचांचा उतार सापडला तर रुंद बाजू उजवीकडे हवी.

खोली ०.०९० आणि तळ ०.३७५ असेल तर वरचं तोंड ०.३७५ − (१.१५५ × ०.०९०) = ०.२७१ येतं. म्हणजे तुमच्या जीभेची मान ०.२७१. मिलिंगवर आधी ठोकळ्याच्या तळाला चौकोनी जीभ ठेवून दोन्ही बाजू कापा, मग डव्हटेल कटरने कोन द्या. जीभ मोजतानाही पिनाच: त्या दोन्ही कोपऱ्यांत बाहेरून ठेवा, त्यांच्यावरून मायक्रोमीटर लावा. माप मानेपेक्षा ०.१७१ ने जास्त यायला हवं. मशीनवर दोन हजारांश जाडच ठेवा आणि उरलेलं काम कानशीला सोडा.

जीभेची उंची खाचेच्या खोलीपेक्षा ०.००२ ते ०.००३ कमी असू द्या, म्हणजे ठोकळ्याचे खांदे नळीच्या सपाट पृष्ठावर टेकतात. जीभ तळाला टेकून खांदे अधांतरी राहिले तर ठोकळा पाळण्यासारखा झुलतो, आणि ही झुल हाताने कळत नाही, निशाणाच्या कागदावर कळते.

आता निळा मार्किंग रंग. जीभेला पातळ थर लावा, उजवीकडून सरकवा, काढा. जिथे रंग पुसला आहे तिथेच कानस चालवा, दोन-तीन हलके हात. अंगठ्याच्या जोरावर ठोकळा खाचेच्या एक-तृतीयांशापर्यंत जायला हवा, पुढचं काम पितळी ड्रिफ्ट आणि छोट्या हातोडीचं. अर्ध्याच्या पुढे अंगठ्याने गेला तर सैल आहे. एक-चतुर्थांशावरच अडला आणि तुम्ही मोठी हातोडी शोधू लागलात, तर थांबा. पातळ नळीच्या तोंडाशी फार घट्ट ठोकलेली जीभ आतल्या छिद्रालाही दाबते, आणि तेल लावलेलं घट्ट चिंधीचं पॅच छिद्रातून ढकललं की त्या जागी ते अडकताना जाणवतं.

कानस फक्त जीभेवर. नळीच्या खाचेला हातही लावायचा नाही. जीभ चुकून जास्त घासली गेली तर खाचेच्या कडा ठोकून आवळायचा जुना रस्ताही नको. जीभेखाली दोन हजारांशाची पितळी पट्टी घाला किंवा सरळ नवा ठोकळा करा. पोलादाचा तुकडा स्वस्त असतो.

पुढचा ठोकळा

याचं काम ट्यूबला धरणं, पण इतकंही नाही की ती मागे हलताच वाकेल. मागे ०.१० इंच सरकवलं तर २४ इंचांच्या अंतरावर ट्यूब पाव अंशापेक्षाही कमी कलते. तेवढ्यासाठी फिरती गोलाकार बैठक करायची गरज नाही.

जीभ बसल्यावर ठोकळा नळीवरच ठेवून, पृष्ठापासून ०.८८ वर मध्यरेषा आखा. ठोकळा काढून त्या रेषेवर आडवा कापा, दोन्ही पृष्ठं साफ करा, दोन ८-४० स्क्रूंनी टोपी परत आवळा. मगच भोक पाडा आणि बोअरिंग बारने ०.७५१ पर्यंत आणा. आधी भोक आणि मग काप असा क्रम केलात तर करवतीने खाल्लेल्या जाडीमुळे भोक लंबगोल होतं.

आता भोकाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूने पाव-पाव इंच ०.७८० पर्यंत मोकळं करा. मधोमध फक्त ⅛ इंच रुंदीची कडा ०.७५१ ची उरते, ट्यूब तेवढ्यावरच टेकते आणि लागेल तेवढी कलते. ही कडा रुंद ठेवण्याचा मोह होतो, जास्त पकड मिळेल असं वाटतं. पण रुंद कडेत ट्यूब कलत नाही, धनुष्यासारखी वाकते, आणि मागचा स्क्रू फिरवल्यावर गोळी हिशेबापेक्षा वेगळीच सरकते.

ट्यूब पुढे पळू नये म्हणून दोन कॉलर. रुंदी ⅜, आतला व्यास नेमका ०.७५०, एका बाजूला १/१६ ची चीर, आवळायला एक ८-४० स्क्रू. एक कॉलर ठोकळ्याच्या मागे, नेम धरणाऱ्याच्या बाजूला: धक्का हीच अडवते. तिचं ठोकळ्याकडचं तोंड लेथवर दोन अंश उतरतं करा, म्हणजे ती आतल्या कडेपाशीच टेकेल आणि कलण्याला आड येणार नाही. या कॉलरमध्ये खाली ⅛ इंचाची पिन आणि ठोकळ्यात तिच्यासाठी ०.१२६ ची खाच, म्हणजे ट्यूब गोल फिरून क्रॉसहेअर तिरपे होणार नाहीत. दुसरी कॉलर ठोकळ्याच्या पुढे, मध्ये ओ-रिंग किंचित दाबलेली. ती ट्यूबला पुढे ओढून मागच्या कॉलरला ठोकळ्याशी कायम चिकटून ठेवते.

मागचा ठोकळा

इथे ट्यूब तीन ठिकाणी टेकते: वरून उंचीचा स्क्रू, डावीकडून आडव्या चालीचा स्क्रू, आणि उजव्या-खालच्या कोपऱ्यातून ४५ अंशांत स्प्रिंगचा पितळी खिळा, जो ट्यूबला दोन्ही स्क्रूंवर दाबून धरतो.

पृष्ठापासून ०.९४५ वर मध्य आखून १ १/१६ इंचाचं गोल भोक बोअर करा. आयपीसचा बाहेरचा व्यास यातून जातो का ते आधी मोजा. जात नसेल तर ट्यूब समोरून नव्हे, मागून घालावी लागेल. वरून आणि डावीकडून ¼-४० चे आटे. ही दोन्ही भोकं भोकाच्या मध्याकडेच रोखलेली हवीत, म्हणून ठोकळा एकदा पकडल्यावर मशीनवरच फिरवून पाडा. डाव्या स्क्रूची उंची नेमकी मधल्या आकड्याला, म्हणजे ०.९४५ लाच का? ट्यूब गोल आहे आणि स्क्रूचं टोक सपाट. ट्यूब वर-खाली सरकली की तिचा स्पर्शबिंदू स्क्रूच्या टोकावर सरकतो. ¼ इंची स्क्रूच्या टोकाला कड मारल्यावर ०.२० इंचाची सपाटी उरते, म्हणजे दोन्हीकडे ०.१०. त्यापलीकडे गेलं की ट्यूब कडेवर चढते आणि उंची बदलताना गोळी आडवीही सरकते. पहिल्या हिशेबाचं महत्त्व हे.

स्क्रूंची टोकं लेथवर काटकोनात फेस करून पॉलिश करा. त्यावर कानशीचा ओरखडाही नको.

खिळ्याच्या कोपऱ्यासाठी ठोकळा व्ही-ब्लॉकमध्ये ४५ अंशांत धरा, टोकावर एंडमिलने छोटीशी सपाटी करा, नाहीतर ड्रिल घसरतं. ६.९ मिलिमीटरचं आरपार भोक, बाहेरून ५/१६-२४ चा आटा पाव इंच खोल. पितळी खिळा ०.२७० व्यासाचा, ०.३५ इंच लांब, मागून ०.२२ पोकळ. त्या पोकळीत स्प्रिंग, मागे ग्रब स्क्रू. ठोकळ्याचे बाकी कोपरे दिसायला छान म्हणून गोल करा, पण हा एक चौकोनीच राहू द्या, खिळ्याची सगळी जागा त्याच्याच पोटात आहे.

स्प्रिंग किती कडक? ट्यूब बोटाने स्क्रूपासून दूर ढकला आणि सोडा. ती टक् असा आवाज करून परत टेकली पाहिजे, आणि डायल गेजचा काटा दर वेळी त्याच आकड्यावर आला पाहिजे. हळूच, आळसावल्यासारखी परत येत असेल तर स्प्रिंग नरम आहे.

स्क्रूवरच्या खुणा

४० आट्यांच्या स्क्रूचा एक फेरा म्हणजे ०.०२५ इंच. २४ इंचांच्या अंतरावर त्याने १०० यार्डांवर गोळी ३¾ इंच सरकते. डोक्यावर १५ रेषा पाडल्या तर दर रेषेला पाव इंच. रेषांची संख्या काढायचं सोपं सूत्र: ३६० ÷ खाचांमधलं अंतर. साडेबावीस इंचांना १६, वीसला १८. पंधरा भाग पाडायला वेगळ्या साधनाची गरज नाही, लेथच्या स्पिंडलमागे ६० दातांचं गिअर लावा आणि दर चार दातांना एक रेषा मारा.

प्रत्येक स्क्रूवर ⅛ इंच जाडीची, खरखरीत कडेची लॉकनट घाला. ती आवळताना स्क्रू किंचित ओढला जातो, तेव्हा आवळल्यानंतरचं वाचन हेच खरं वाचन समजा.

उंचीचा स्क्रू आत गेला की ट्यूबचं मागचं टोक खाली जातं आणि गोळी खाली लागते. डावा स्क्रू आत गेला की गोळी उजवीकडे. विसरायला होतं, डोक्यावर बाण कोरून ठेवा. आणि सेटिंग नेहमी स्क्रू आत नेत संपवा. बाहेर काढायचा असेल तर अर्धा फेरा जास्त सोडून परत आत या. आट्यांतली ढिलाई अशी दर वेळी एकाच बाजूला राहते.

जुळणी आणि रंग

दोन्ही ठोकळे बसवून सरळ सळई त्यांतून घाला, दोन्ही स्क्रू मध्यावर आणा. वरून पाहिल्यावर सळई नळीच्या दोन्ही कडांपासून पुढे-मागे सारखी दिसायला हवी. आडवा फरक ०.०३० पर्यंत असेल तर पुढचा ठोकळा खाचेत थोडा सरकवा, स्क्रूची चाल त्यात खर्च करू नका. सळई कडेत अडकत असेल तर पाव तास लॅपिंग पेस्ट लावून फिरवा, जास्त नको.

ठोकळ्यांना हळू गंजवून काळं करणं या रायफलीला शोभतं. पूर्ण तेल काढा, रसायन लावा, गंज येऊ द्या, डिस्टिल्ड पाण्यात उकळा, तेलमुक्त बारीक स्टील वूलने घासा. चार-सहा वेळा केलं की मूळ नळीशी जुळणारा रंग येतो. कडक कॉस्टिक क्षारांच्या गरम टाकीत घालायची गरज नाही, आणि जवळपास कुठे कथलाचं झाळकाम असेल तर मुळीच घालू नका. जीभ, भोकातली कडा आणि स्क्रूंची टोकं काळी करू नका.

आता दुर्बीण. ट्यूब पुढे-मागे सरकवून, नेहमीसारखा गाल टेकून, पूर्ण गोल प्रतिमा मिळेल तिथे कॉलर आवळा. २५ यार्डांवर ओळंबा टांगा आणि उभी तार त्याच्याशी जुळवा. मगच पिनची कॉलर शेवटची घट्ट करा.

झिरो करताना, म्हणजे नेम आणि गोळी जुळवताना

सिंगल-शॉटचा मोठा फायदा म्हणजे ब्लॉक खाली केला की नळीतून आरपार दिसतं. रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की ठेवा, छिद्रातून २५ यार्डांवरचं वर्तुळ मध्यावर आणा, रायफल न हलवता क्रॉसहेअर त्याच वर्तुळावर आणा. पहिल्या फैरी २५ यार्डांवरच, मग १००. तुमच्या अंतरांसाठी स्क्रूची वाचनं दस्त्याच्या आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहा. उदाहरणातल्या रायफलीला १०० वरून २०० यार्डांना जायला सुमारे साडेतीन फेरे बाहेर लागतील. आकडा यापेक्षा फार वेगळा आला तर वेग किंवा मापं पुन्हा तपासा.

गोळ्या उभ्या रेषेत पसरत असतील तर पहिला संशय पुढच्या कडेवर: ट्यूब तिथे अडकते आहे. कागदावर दोन वेगळे पुंजके पडत असतील तर मागचा खिळा अडकून ट्यूब दोन जागी बसते आहे, भोकातली बर (कडेला उरलेला धातूचा काटा) काढा. दर फैरीला सगळं थोडं-थोडं एकाच दिशेने सरकत असेल तर मागची कॉलर ट्यूबवर घसरते आहे. कॉलरमागे ट्यूबवर पेन्सिलची रेघ ओढा, पाच फैरींनंतर रेघ कॉलरखाली गेलेली दिसली की निदान झालं. कॉलरचा आतला भाग तेलमुक्त करा, चीर बंद होत आली असेल तर थोडी रुंद करा. .४५-७० सारख्या दणकट काडतुसाला ½ इंच रुंदीची कॉलर आणि दोन स्क्रू सुरुवातीलाच द्या.

पहिल्या वीस फैरींनंतर दोन्ही ठोकळ्यांशेजारी नळीवर आणि ठोकळ्यावर मिळून मारलेली बारीक रेघ भिंगातून पहा. रेघ तुटली असेल तर जीभ हलली आहे. ठोकळा काढा, निळा रंग लावा आणि पुन्हा कानस हातात घ्या.